सूर्यास्ताला फोनबुक कशाला?

मला दोन व्यसनं आहेत. एक म्हणजे नवनवीन ॲप फोनमध्ये घालून बघायची, आणि दुसरं, त्यांच्या अटी शेवटपर्यंत वाचायच्या. पहिल्यात घरातले सगळे माझ्या बरोबरीचे, दुसऱ्यात मी एकटी. बी. ए.ला मराठी घेतलेल्या बाईने कलमं-पोटकलमं चवीने वाचावीत याचं आमच्याकडे कौतुक कमी, हसू जास्त. मुलगा तर मला 'वकीलबाई'च म्हणतो. पण ही सवय कॉलेजने नाही, पच्चक्खाणाने लावली. काय सोडलं, किती वेळापुरतं सोडलं, सूट कशाला ठेवली, हे तिथे नियम घेतानाच ठरतं. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं. सत्तेचाळीस चालत नाहीत. ज्या घरात पाणी पिण्यालासुद्धा पोटकलमं, तिथल्या बाईला ॲपच्या अटींचं काय भय?

आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात, म्हणून वेळा सांगणारं एक ॲप घेतलं. त्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात? रास्त प्रश्न. आमलीचा सूर्य काही नागपूरच्या सूर्याबरोबर मावळत नाही. मग त्याने फोनबुक मागितलं. आता मला सांगा, सूर्य मावळायला माझ्या जाऊबाईंचा नंबर कशाला लागतो?

"अगं आई, दाब ना 'अलाऊ'. सगळेच दाबतात, नेहमीच दाबतात," मुलगा म्हणाला.

सगळेच, नेहमीच! याला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. आणि वहिवाटीचा दावा आमच्या गावाला नवा नाही. बांधावरच्या भांडणासारखा तो दावा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत जाऊन आलाय.

झालं असं, की १९५४च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. पोर्तुगाल १९५५च्या डिसेंबरात हेगला गेलं. म्हणणं असं, की दमणहून या मुलखात जायला भारताच्या जमिनीवरून रस्ता हा आमचा जुना हक्क आहे. पुरावा म्हणून मराठ्यांशी झालेला १७७९चा तहही पुढे आला. न्यायालयाने १७८३ आणि १७८५च्या सनदा तपासल्या आणि सांगितलं, की मराठ्यांनी दिला होता तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व दिलं नव्हतं. ते पुढे इंग्रजांनी मानलं, ती गोष्ट वेगळी. वापरायला दिलं म्हणजे मालकी दिली असं होत नाही, हे शेजारणीला पुरणयंत्र दिलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. न्यायाधीशांना त्यासाठी जुनी दप्तरं उघडावी लागली.

१२ एप्रिल १९६०चा निकाल तर मला फार आवडतो. सव्वाशे वर्षांहून जास्त वहिवाट होती हे न्यायालयाने मानलं, पण कोणाची, ते वेगवेगळं मोजलं. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. फौज, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती. वर, भारताने काही वावगं केलं नाही असंही म्हटलं. म्हणजे एकाला दार उघडलं म्हणून त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना ते उघडलं असं नाही. ठावठिकाणा ये बाबा आत, फोनबुक तू थांब बाहेर.

आमच्या मुलखात तर सहीचाही केवढा मान! पुढे भारतात सामील व्हायची वेळ आली, तेव्हा नेहरूंबरोबर करारावर सही करायला तोलामोलाचा माणूस हवा, म्हणून बदलानी नावाच्या आय. ए. एस. अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं. एका सहीसाठी पंतप्रधान! आणि आपण भाजी ढवळता ढवळता अंगठ्याने 'मी सहमत आहे' दाबून मोकळे.

११ ऑगस्ट १९६१ला आम्ही कायद्याने भारतात आलो. बरोबर ६२ वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२३ला, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो मी दुपारची झोप सोडून वाचला. त्यात माणसाचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, आणि 'ती'मध्ये पुरुषही आले! संमती मागणारी सूचना मराठीतूनही मागता येते. आणि संमतीच्या कलमाखाली उदाहरण दिलंय, की एका बाईने डॉक्टरी सल्ल्याचं ॲप घेतलं, त्याने फोनबुकही मागितलं, ती 'हो' म्हणाली. तरी तिचा होकार सल्ल्यापुरताच धरायचा, कारण सल्ल्याला फोनबुक लागत नाही. मी ते उदाहरण जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. मुलगा गप्प. "कायदा छापला की लगेच चालतो थोडाच?" हे पोळी मोडत म्हणाले. तेही खरंच. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य कलमांना त्यापुढे दीड वर्षाची मुदत. तोवर दारावर पहारा आपलाच.

आणि तो द्यायला हवा, कारण माझ्या फोनबुकात माझा एकच नंबर आहे, बाकीचे सगळे दुसऱ्यांचे. त्यात एका मुलीचा आहे. सासर सोडून आली, तेव्हा तिने जुना नंबर बंद केला आणि नवा आम्हा तिघींनाच दिला. "काकू, कोणाला देऊ नका," एवढंच म्हणाली. तो नंबर म्हणजे माझ्याकडची ठेव. सरंजामच म्हणा, वापरायचा हक्क आहे, वाटायचा नाही. माझ्या फोनमध्ये ती 'पिठाची गिरणी' या नावाने आहे. खऱ्या गिरणीवाल्याला त्यामुळे 'गिरणी नवी' व्हावं लागलंय, पण त्याची काही तक्रार नाही.