बाबांच्या चपला

बेल्जियमच्या आर्देन अरण्यातील संत ह्युबर्ट मठाच्या धर्मबंधूंनी मध्ययुगात जोपासलेल्या ब्लडहाउंडचे पिल्लू राजूरला आणावे, हा बाबांचाच हट्ट. एका कुटुंबाने घरीच वाढवलेल्या पिल्लांतून त्यांनी ते निवडले. तेही त्याच्या आईला पाहिल्यावरच. या लोंबत्या, घड्यांच्या कातडीला आमचा उन्हाळा सोसत नाही, हे मे महिन्यात उमगले. मग फिरणे पहाटेच, अंगणात ओले गोणपाट, आणि कानांची रोजची पुसापुशी. (लाळेविषयी न बोललेलेच बरे!) ३ नोव्हेंबरला, संत ह्युबर्टच्या सणाला, बाबा त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करीत.

बाबा ख्रिस्तवासी झाले. तो मात्र अजून रोज त्यांच्या चपला हुंगतो, फाटकापर्यंत माग काढीत जातो आणि तिथेच बसून राहतो. चपला उचलून ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.