बेस मॉडेल, टॉप मॉडेल आणि मागची सीट

गाडी घ्यायची ठरली की घरातला प्रत्येक जण मनात वेगळीच गाडी घेऊन बसलेला असतो. आमच्याकडे मुलीला सनरूफ हवं होतं, मुलाला मोठा टचस्क्रीन, मिस्टरांना रस्त्यावर उठून दिसेल अशी उंच एसयूव्ही. आणि अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इतकंच हवं होतं की चढता-उतरताना कुणाचा हात धरावा लागू नये. त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. दर दोन महिन्यांनी त्यांना तपासणीसाठी परभणीहून छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं, म्हणजे एका बाजूने साधारण दोनशे किलोमीटर. गाडी खरं तर त्यासाठीच घ्यायची होती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. घरचा हिशोब माझ्या वहीत असतो. त्या वहीत वरच एक आकडा लिहिला होता: साडेअकरा लाख, रस्त्यावर गाडी येईपर्यंत सगळं धरून. बचत, शिक्षिकांची भिशी आणि जुन्या गाडीचे आलेले पैसे मिळून एवढे होत होते. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही हे आमच्या घरात आधीपासून ठरलेलं आहे, त्यामुळे आकडा ताणायला जागा नव्हती.

पहिल्या शोरूममध्ये सेल्समनने माझा बुरखा पाहून माझ्याशी हिंदीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला तो मिस्टरांकडे वळला. मी मराठीत विचारलं, "या किमतीत विमा कोणता धरलाय?" तो म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी फारच छान आहे!" वीस वर्षं मराठी शिकवते आहे, तेव्हा छान असायलाच हवं. पण विम्याचं उत्तर काही आलं नाही. तेव्हाच ठरवलं की कोटेशन घरी न्यायचं आणि धड्यासारखं ओळ न् ओळ वाचायचं.

वाचायला लागल्यावर आधी नावांची गंमत कळली. कुठल्याच कंपनीचं सर्वांत स्वस्त व्हेरियंट स्वतःला 'बेस' म्हणवून घेत नाही. मारुती ब्रेझात एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय अशी अक्षरं चढत जातात. महिंद्राच्या एक्सयूव्ही थ्रीएक्सओत एमएक्स आणि एएक्सचे आकडे आहेत. टाटा नेक्सॉनमध्ये तर 2023 पासून स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस अशी विशेषणंच आहेत. म्हणजे सगळ्यांत कमी पैसे देणाराही 'स्मार्ट' ठरतो! नावावरून काही कळत नाही. दोन कंपन्यांची मधली व्हेरियंट समोरासमोर ठेवली तरी त्यांत मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

म्हणून मी वहीत तीन रकाने आखले: जीव, आराम, दिखावा. प्रत्येक व्हेरियंटमध्ये वाढणारी प्रत्येक गोष्ट या तिनांपैकी एकात टाकायची.

'जीव' या रकान्याने मला सुखद धक्का दिला. दहा वर्षांपूर्वी एअरबॅग हवी तर वरचं मॉडेल घ्या, असाच प्रकार होता. पुढे नियम बदलत गेले. 2019 मध्ये एबीएस, ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. 1 जानेवारी 2022 पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनसीएपीची स्टार देणारी चाचणी सुरू झाली आणि कंपन्यांमध्येही चढाओढ लागली. आज नेक्सॉन, ब्रेझा, थ्रीएक्सओ या गाड्यांत सहा एअरबॅग अगदी खालच्या व्हेरियंटपासून मिळतात. म्हणजे जिवासाठी टॉप मॉडेल घ्यायलाच हवं, असं आता राहिलेलं नाही. तरी दोन गोष्टी मी स्वतः मागच्या सीटवर बसून पाहिल्या: मधल्या माणसाला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, आणि त्याच्या डोक्यामागे आधार आहे का. आमच्याकडे मागे अम्मी आणि दोन्ही मुलं बसणार, त्यामुळे मधली सीट कधीच रिकामी राहणार नव्हती.

'आराम' या रकान्यात खरी तफावत निघाली. मागच्या सीटसाठी एसीची झडप, ड्रायव्हरची सीट वर-खाली करण्याची सोय, मागचा वायपर, मागचा कॅमेरा यातलं बरंच काही बेसमध्ये नसतं आणि मधल्या व्हेरियंटपासून सुरू होतं. परभणीचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना मागच्या एसीचं महत्त्व सांगायला नको. ड्रायव्हरच्या सीटची उंची माझ्यासाठी महत्त्वाची, कारण गाडी मीही चालवते आणि मिस्टरांच्या उंचीला लावलेल्या सीटवरून मला बॉनेट दिसत नाही.

'दिखावा' या रकान्यात सनरूफ, अलॉय व्हील, रंगीत दिवे, दोन रंगांचं छप्पर. रकाने भरत गेले तसं एक गणित दिसायला लागलं. बेसपासून मधल्यापर्यंत जे पैसे वाढतात, त्यातले बरेच मागच्या सीटवर पोचतात. मधल्यापासून टॉपपर्यंत वाढणारे पैसे बहुतेक पुढच्या सीटवर आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यांवर खर्च होतात.

आता किमतीचं. शोरूमच्या बाहेर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो एक्स-शोरूम. गाडी घरी येते ती ऑन रोड किमतीला. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांना 12 टक्के रस्ता कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. शिवाय गाडी दहा लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस. म्हणून दहा लाखांची रेघ फार महत्त्वाची. समजा एक व्हेरियंट 9 लाख 80 हजारांचं आहे आणि त्याच्या वरचं 10 लाख 40 हजारांचं. फरक साठ हजारांचा वाटतो. पण पहिल्याचा कर 1,07,800 आणि दुसऱ्याचा 1,24,800, शिवाय टीसीएस 10,400. साठ हजारांचे 87,400 झाले. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो हे खरं, पण त्या दिवशी खिशातून जातोच.

दुसरी रेघ चार मीटरची. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत, अशा गाडीला 18 टक्के. त्यापुढच्यांना 40 टक्के. नेक्सॉनची लांबी 3995 मिलिमीटर आहे, म्हणजे रेघेच्या अलीकडे फक्त पाच मिलिमीटर. ब्रेझाही तेवढीच लांब, पण तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणून ती 40 टक्क्यांत. मिस्टरांना आवडलेली मोठी एसयूव्ही तर लांबीतच रेघ ओलांडत होती. तिचं बेस मॉडेल आमच्या आकड्याच्या काठावर बसत होतं, पण त्यात 'आराम' हा रकाना जवळजवळ कोराच होता.

डिझेलचाही हिशोब केला. मनमाडच्या डेपोपासून लांब असल्याने आमचं परभणी पेट्रोलच्या महागाईसाठी अधूनमधून बातम्यांत असतं. पेट्रोल 106 रुपये आणि गाडी लिटरला 14 किलोमीटर धरली तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. डिझेल 92 रुपये आणि 18 किलोमीटर धरले तर पाच रुपये. आमचं महिन्याचं फिरणं सातशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला साधारण एकवीस हजारांची बचत. डिझेल व्हेरियंट कर धरून एक लाख साठ हजारांनी महाग पडत होतं. ते पैसे वसूल व्हायला जवळजवळ आठ वर्षं लागली असती. वर बीएस-6 डिझेलच्या धुराच्या फिल्टरला अधूनमधून लांब पल्ला लागतो, आणि माझी शाळा गावातच आहे. पेट्रोल ठरलं.

एका शोरूममध्ये टॉप मॉडेलसाठी आग्रह झाला. "मॅडम, एक लाख जास्त म्हणजे महिन्याला फक्त सोळाशे रुपये!" मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला. नऊ टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता सोळाशे नऊ. सात वर्षांत भरायचे एक लाख पस्तीस हजार. लाखाचं सनरूफ सव्वा लाखाच्याही पुढे गेलं. आम्ही व्याज टाळतो ते दीनमुळे. पण ज्यांना कर्ज घ्यायला अडचण नाही, त्यांनीही हप्ता ऐकल्यावर त्याला महिन्यांच्या संख्येने गुणून पाहावं. मोठा आकडा हप्त्यांत वाटला की लहान दिसतो, पण असतो तेवढाच, उलट वाढलेला.

विम्याचंही तसंच. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. मी बाहेरून, तेवढ्याच आयडीव्हीचा आणि झिरो डेप धरून भाव मागवला. तो अकरा हजारांनी कमी होता. कागद दाखवल्यावर डीलरने तेवढाच भाव दिला. 'अॅक्सेसरीज पॅकेज' आणि 'हँडलिंग चार्ज' या ओळींवर मी पेन ठेवून विचारलं, "हे नको असेल तर?" दोन्ही ओळी गेल्या. त्यासाठी भांडावं लागलं नाही, विचारावं मात्र लागलं.

शेवटचा निर्णय वहीने केला नाही, अम्मींच्या पायाने केला. त्यांना आम्ही दोन्ही गाड्यांपाशी नेलं. मोठ्या एसयूव्हीत त्यांनी एक पाय वर ठेवला, वरचं हँडल धरलं आणि तशाच थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "बेटा, ये तो छत पे चढना हुआ." छोट्या गाडीत त्या आधी सीटवर टेकल्या, मग दोन्ही पाय आत घेतले. हात कुणाचाच धरला नाही. मिस्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं, हीच बुक कर."

चार मीटरच्या आतली, पेट्रोल, मधलं व्हेरियंट, दहा लाखांच्या रेघेखाली. आकड्याच्या आत बसली, अल्हम्दुलिल्लाह. मुलगी दोन दिवस रुसली होती. तिला मी एक नियम सांगितला, तो घरात सगळ्यांना लागू आहे: मागच्या सीटवरचे तिन्ही पट्टे लागल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा ते मागच्या सीटवर बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी कोट्यवधींची असो की आमच्यासारखी, पट्टा प्रत्येक व्हेरियंटमध्ये फुकट येतो आणि बाकी सगळी सुरक्षा त्याच्यावरच उभी असते.

तुम्ही गाडी घ्यायला निघाला असाल तर कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा की ही ओळ कुणासाठी आहे. घरातल्या एखाद्या माणसाचं नाव लिहिता आलं तर पैसे द्या, मन मोठं करून द्या. नाव सुचलंच नाही, तर त्या ओळीवर पेन ठेवा आणि विचारा.