कॅमेऱ्याला जात नसते म्हणणाऱ्यांसाठी

"कॅमेऱ्याला कसली आलीय जात? समोर असेल ते तो टिपतो." बारामती-इंदापूर भागातल्या हौशी फोटोग्राफर मंडळींत बसलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण कॅमेरा कुणीतरी कुणासाठीतरी बनवलेला असतो, आणि तो कुठे रोखायचा, काय कापायचं, कुणाचं नाव खाली लिहायचं हे माणूस ठरवतो. माणसाला जात असते, निदान आपल्या देशात तरी.

आधी भिगवणचं घेऊ. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात, उजनीच्या फुगवट्यावर, थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. उजाडायच्या आत नावा सुटतात. कुणाच्या मांडीवर लाखाची दीडशे-सहाशे लेन्स, तर कुणाकडे दहा लाखांच्या वरची. रोहित पक्ष्याच्या पंखाखालचा लाल-गुलाबी रंग उन्हात उघडावा म्हणून ही माणसं दोन-दोन तास श्वास धरून बसतात. ही चिकाटी मला मनापासून आवडते, आणि मीही ती याच पाण्यावर शिकलो. माझ्याकडे दुसऱ्याने वापरून विकलेला डीएसएलआर आणि साधी सत्तर-तीनशेची लेन्स आहे. तिच्यात पक्षी बारका येतो, पण येतो.

पण हा फोटो खरं तर निम्मा नावाड्याचा असतो. रोहित एकदम उडत नाही, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पाण्यावर धावतो आणि मग उचलतो. वारा कुठला आहे, थवा कुठे धावेल, सूर्य पाठीशी ठेवून नाव कुठे उभी करायची, पक्षी न बिचकता किती जवळ जायचं, हे सगळं त्या मासेमाराला ठाऊक असतं. किनाऱ्यावर परत येऊन चहा घेताना फोटो एकमेकांना दाखवले जातात. शटर किती, आयएसओ किती, फोकस कुठल्या मोडवर, यावर तासभर चर्चा. कोपऱ्यात आलेलं नावेचं टोक, जाळ्याचे तरंगते डबे, मागे कपडे धुणारी बाई, हे सगळं "डिस्टर्बन्स" म्हणून कापायचं किंवा पुसायचं. मग खाली पक्ष्याचं इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, कॅमेऱ्याचं नाव, लेन्सचं नाव. नावाड्याचं नाव तेवढं नाही. मी एकदा एका मंडळीत विचारलं, की हे नाव का लिहीत नाही आपण? उत्तर आलं, "त्याला पैसे दिले ना." पैसे तर लेन्सच्या कंपनीलाही दिले होते. तिचं नाव मात्र होतं.

तेच पाणी उन्हाळ्यात ओसरतं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. आता पाणी खाली गेलं की ड्रोन घेऊन लोक येतात, देवळाचे फोटो काढतात, "बुडालेला इतिहास" असं लिहितात. देऊळ सुंदर आहे, काढावेत. पण त्या गावांना वेशीबाहेरचे वाडेही होते. महारवाडा होता, मांगवाडा होता. तो इतिहास वर का येत नाही? कारण साधं आहे. दगडाचं देऊळ पाण्यात चाळीस वर्षं टिकतं, मातीच्या भिंती आणि पाचटाचं छप्पर पहिल्याच पावसाळ्यात विरघळतं. त्या वाड्यांचा एखादा फोटो कुणाच्या ट्रंकेत असेल तर तोच त्यांचा पुरावा. आणि फोटो काढायला तेव्हा त्या घरांकडे पैसे कुठे होते?

ट्रंकेवरून आजी आठवली. माझी आजी गेली तेव्हा जलदान विधीच्या फ्लेक्ससाठी घरात तिचा एकच स्पष्ट फोटो निघाला, आधार कार्डावरचा. आपल्या वस्त्यांत हे घराघरात होतं. शेतात, बांधकामावर, दुसऱ्याच्या घरी आयुष्य काढलेल्या बाईचा एकुलता एक फोटो सरकारी केंद्रावरच्या स्वस्त कॅमेऱ्याने, भिंतीला टेकवून, "इकडं बघा" म्हणून काढलेला. तोही आम्ही नेला. फ्लेक्स करणाऱ्या पोराने स्क्रीनवर तो मोठा केला आणि सवयीने विचारलं, "गोरं करून देऊ का?" पोरगं आपल्यातलंच होतं. त्याच्या बोटाखाली आमची आजी दोन सेकंदांत दुसऱ्याच कुणाची तरी आजी झाली. उन्हाने भाजलेला रंग गेला, कपाळावरच्या आठ्या गेल्या, गोंदण गेलं. मी ते परत मूळ करायला लावलं. मामा म्हणाले, "जरा उजळ राहू दे की, चारचौघांत लागणारंय." मामांवर माझा राग नाही. चारचौघांत उजळ दिसावं लागतं हे ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर आहे.

आणि ही शिकवण फक्त फ्लेक्सच्या दुकानातली नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो पाठवायची. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर चिखलासारखे यायचे. पुढे फिल्म सुधारली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता. त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या. माणसांसाठी जे झालं नाही ते चॉकलेटसाठी झालं! "कॅमेरा समोर असेल ते टिपतो" म्हणणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे.

आजच्या कॅमेऱ्यातही गोम आहे, फक्त ती ओळखली तर मोडता येते. मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी धरतो. विहारात किंवा धम्म मेळाव्यात सगळ्या बाया-बाप्ये पांढऱ्या कपड्यांत असतात. इतकं पांढरं दिसलं की मीटर घाबरून उजेड कमी करतो, पांढरं लुगडं राखाडी होतं आणि सावळा चेहरा काळोखात जातो. मग पोरं ॲपमध्ये चेहरा "ब्राइट" करतात आणि कातडी मेणासारखी होते. दुरुस्ती फोटो काढतानाच करायची. मीटर चेहऱ्यावर धरा, एक्स्पोजर गरजेप्रमाणे वाढवा, रॉमध्ये काढा, आणि जमलं तर माणसाला भर उन्हातून दाराच्या सावलीत घ्या. दहा-बारा हजारांची पन्नास एमएमची लेन्स याला भरपूर आहे. सहाशेच्या लेन्ससाठी कर्ज काढू नका रे पोरांनो.

जयंतीच्या मिरवणुकीचं दुखणं वेगळं. निळ्या एलईडीच्या झोतात काढलेल्या फोटोत माणसं निळा ठिपका होतात, नाक-डोळे काही उरत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा साधा हिस्टोग्राम निळ्या रंगाला सगळ्यात कमी वजन देतो, त्यामुळे तो ठीक दाखवतो आणि आत निळा रंग कधीच उतू गेलेला असतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर कमी करा. नाहीतर झोत फिरून साधा उजेड चेहऱ्यावर येईपर्यंत थांबा. भिगवणला पक्ष्यासाठी दोन तास थांबता, इथे लेझीम खेळणाऱ्या आत्यासाठी दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

आपल्या आधी हे कुणी ओळखलं नव्हतं असं नाही. अमेरिकेत गुलामीत जन्मलेले फ्रेडरिक डग्लस त्या देशातल्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वाधिक फोटो काढलेल्या माणसांपैकी. दीडशेहून जास्त फोटो आहेत त्यांचे, फोटोग्राफीवर त्यांनी व्याख्यानंही दिली. नीट पोशाख, करारी नजर, हसू जवळपास नाहीच. गोऱ्यांच्या व्यंगचित्रांतला हसरा गुलाम त्यांना स्वतःच्या चेहऱ्याने खोडायचा होता. सूट घातलेल्या बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात का लागतो, हे यावरून वेगळं सांगायला नको. आणि आपल्या महाराष्ट्रात सुधारक ओलवे आहेत. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो बघताना किव येत नाही, आपण खाली बघतो.

किव हाच आमच्या चार-पाच जणांतला सध्याचा वाद आहे. हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या भोवती ऊसतोड टोळ्या उतरतात, रानात कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या धुक्यात डोक्यावर मोळी घेतलेली बाई, मागून ट्रॅक्टरचा उजेड. स्पर्धेत हमखास बक्षीस आणणारी फ्रेम. एक मित्र म्हणतो, काढलाच पाहिजे, श्रम दिसले पाहिजेत. आमच्यातली एक कार्यकर्ती म्हणते, आधी तिला विचार तिला कसला फोटो हवाय. तिने स्वतः विचारून बघितलं. बहुतेक बायांनी मोळीचा फोटो मागितलाच नाही. लेकरांना आंघोळ घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून, कोपीसमोर उभं राहून काढलेला हवा होता. मला दोन्ही फोटो हवेत असं वाटतं, पण क्रम तिचा बरोबर आहे. परवानगीही मुकादमाला नाही, बाईलाच विचारायची. आणि प्रिंट टोळी परतायच्या आत तिच्या हातात पोचली पाहिजे, मागे तिचं नाव, गाव आणि तारीख लिहून. पट्टा पडला की टोळी एका रात्रीत उठते, मग कुठल्या पत्त्यावर पाठवणार?