अमानत आणि दोन डॉक्टर

उर्दूच्या तासाला ‘अमानत’ शब्द आला की मी मुलांना मराठीतला ‘ठेव’ हा शब्द सांगतो. दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय कुणाला द्यायची नाही. माणसानं विश्वासानं सांगितलेली गोष्टही अमानतच. मनोविकारावर उपचार घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही अमानत किती जपायची, कुणापासून जपायची, हा प्रश्न आमच्या घरात जिवावर बेतला होता.

माझ्या खाला शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून लिथियमच्या गोळ्या घेतात. तिथल्याच समुपदेशक ताईंशी दर पंधरा दिवसांनी बोलतात. मोहल्ल्यातल्या फॅमिली डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या दवाखान्यात तपासणी पडद्याआड होते आणि बाकावर बसलेल्यांना सगळं ऐकू येतं. घरात दोन मुली लग्नाच्या. खालूंनी बजावलं होतं, “तिथं एक शब्द काढायचा नाही.”

मग गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी आयब्रुफेन दिलं. काही दिवसांत खालांचे हात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. रक्त तपासलं तर लिथियमचं प्रमाण वाढलेलं. या वेदनाशामकामुळे लिथियम मूत्रपिंडातून कमी बाहेर पडतं. डॉक्टरांना दोष कसा द्यायचा? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माहिती उलट दिशेनंही जायला हवी. लिथियममुळे थायरॉईडचं काम मंदावू शकतं. मग थकवा येतो, मन उदास होतं. फॅमिली डॉक्टरांकडचा रक्ताचा रिपोर्ट तिकडे पोचलाच नाही, तर समुपदेशकांना वाटणार की जुना आजार उलटला. रोज्यांचंही तसंच. अंगातलं पाणी कमी झालं तरी लिथियम वाढू शकतं. म्हणून रमजानच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना विचारावं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. त्याच कलमात, उपचारासाठी गरज असेल तर इतर डॉक्टरांना माहिती देण्याची मुभाही आहे. ती मुभा शेजाऱ्यांसाठी नाही. आणि माझ्या मते, काय सांगायचं हे आधी रुग्णाला विचारूनच ठरावं.

खालांनी आता स्वतःच हद्द आखली आहे. आजाराचं नाव, गोळ्यांची चिठ्ठी आणि रक्ताचे रिपोर्ट दोन्हीकडे जातात. समुपदेशक ताईंपाशी सासरबद्दल, अम्मीबद्दल जे बोलणं होतं, ते तिथंच राहतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याशी बसून ही हद्द ठरवा. गोळ्यांची नावं कागदावर लिहून त्यांच्या बटव्यात ठेवा. बाकावर गर्दी असेल, तर तो कागद डॉक्टरांच्या हातात मुकाट्यानं देता येतो.