मोकळे चाक

शर्यतीच्या मोटारीचे चाक मोकळे फिरावे म्हणून ब्रेक सैल ठेवावे लागतात, असे चारकोपमधील आमच्या धर्मग्रामातला एक मेकॅनिक तरुण सांगत होता. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली जुनी प्रीमियर पद्मिनी तो पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या शर्यतीसाठी सजवीत आहे. रस्त्यावर नव्हे, बंद धावपट्टीवर. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. शू घासत राहिला तर वेग खातो, हे खरेच. पण त्याची आई दर रविवारी मिस्सानंतर त्याच्यासाठी प्रार्थना मागते, म्हणून मी गॅरेजात बसून राहिलो.

चाक जॅकवर उचलून त्याने अ‍ॅडजस्टर फिरविला, शू ड्रमला टेकविला आणि चाक नुकते सुटेल इतकाच मागे घेतला. सैल म्हणजे एवढेच! दोन्ही बाजू सारख्या नसतील तर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढते. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, आणि पायडल खोल जाते. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस, असे मी त्याला बजावले.

मागचे उजवे चाक अजून अडत होते. ते त्याने पुन्हा उघडले.