खिळ्यांची साक्ष

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण परवा खाडीकाठी चिखलात पालथी पडलेली एक जुनी होडी पाहिली आणि माझे मन थेट १६५७ सालात गेले. त्या साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाड्यांवर आरमार बांधण्याचे काम सुरू झाले. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा त्या कामावर होते. १६५९च्या सुमारास वसईच्या पोर्तुगिजांनी त्यांना फितवून काढून नेले. ही होडी त्यांच्याच हातची निघाली तर?

शेजारी जाळे सांधत बसलेल्या आजोबांना मी तसे विचारले. ते हसले.

"साहेब, लाकडाला वय काय विचारता? खिळ्याला विचारा."

चौकोनी अंगाचा खिळा लोहाराने घडवलेला, गोल खिळा यंत्राचा. पाहतो तो होडीत दोन्ही! शिवाय मागे इंजिनाच्या दांड्यासाठी पाडलेले भोक.

"तळाचे पठाण आज्याच्या वेळचे. फळ्या बापाने बदलल्या. भोक मी पाडले."

"मग होडी बांधली कोणी म्हणायची?"

"आम्ही सगळ्यांनी."

माझे आरमार तिथेच बुडाले. पण मला त्याचे वाईट वाटले नाही. निघताना मात्र आजोबा हळूच म्हणाले, "पोरगा गोदामात कामाला जातो. पुढची फळी कोण बदलणार, तेवढे विचारू नका."