पोटाला चिमटा

मराठी भाषेनं पोटावर जितकं ओझं टाकलं आहे तितकं दुसऱ्या कुठल्या अवयवावर टाकलं असेल, असं मला वाटत नाही. डोळ्यांचं नि काळजाचं कौतुक कवी करतात. संसाराची हमाली मात्र पोटाकडे. माणूस पोटापाण्याला लागतो, कुणाचं हातावर पोट असतं, कुणी कुणाच्या पोटावर पाय आणतो. मोठ्या मनाची माणसं दुसऱ्याचे अपराध पोटात घालतात, आणि आतल्या गाठीची माणसं पोटातलं ओठावर येऊ देत नाहीत. या सगळ्या गोतावळ्यात मला सर्वांत जवळचा वाक्प्रचार म्हणजे ‘पोटाला चिमटा काढणं’. इतरांच्या तोंडी ती नुसती बोलण्याची रीत असते. माझ्या बाबतीत ती वस्तुस्थिती आहे. गेली सोळा वर्षं माझ्या जठराच्या गळ्याशी सिलिकोनचं एक कडं बसलेलं आहे, आणि त्याचा चिमटा दिवसातून तीन वेळा, पानावर बसलो की, मला जाणवतो.

या कड्याला पट्टा म्हणतात. त्याआधीची कितीतरी वर्षं मी पट्टा कमरेला बाहेरून बांधत होतो. दर वर्षी एक भोक पुढे सरकायचं. भोकं संपली की आमच्या कोपऱ्यावरचा चांभार नवी पाडून द्यायचा. पुढे कातडंच संपलं. तेव्हा डॉक्टरांनी पट्टा आतून बांधला. त्याची रचना सायकलच्या ट्यूबसारखी आहे. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा, फुग्यापासून निघालेली एक बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला, पोटाच्या कातडीखाली स्नायूंना टाचलेली, मोठ्या बटणाएवढी एक डबी. डॉक्टर बाहेरून त्या डबीत सुई टोचतात आणि मिठाचं पाणी भरतात. पाणी भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल पडतं. कड्याच्या वर जठराची लिंबाएवढी पिशवी उरते. ती दोन-चार चमच्यांत भरते आणि ‘पुरे’ असा निरोप डोक्याला धाडते. माझ्या पट्ट्यात दहा घनसेंटिमीटर पाणी मावतं. दर काही महिन्यांनी त्यात थोडी भर किंवा थोडी घट करून, शेवटी साडेपाचावर आमचा तह झाला. ‘हवा भरून आलो’ असं मी घरी येऊन सांगतो, आणि सौ. दर वेळी तितक्याच उदारपणे हसते.

पाणी भरून हवा तसा आवळता येईल असा पट्टा १९८६ च्या सुमारास लुबोमिर कुझमाक या मूळच्या युक्रेनी, अमेरिकेत स्थायिक झालेल्या शस्त्रवैद्यांनी पुढे आणला. १९९३ साली बेल्जममध्ये मितिकु बेलाच्यू यांनी पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्यानं तो माणसाला बसवून दाखवला. २००१ साली अमेरिकेत त्याला सरकारी मान्यता मिळाली. हे बेलाच्यू जन्मानं इथिओपियाचे. इथिओपिया म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे १९८४ च्या दुष्काळातली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी मुलं उभी राहतात. त्या मुलखात जन्मलेल्या माणसानं भरल्या ताटांच्या मुलखात जावं आणि तिथल्या पोटांना चिमटा बसवावा, हा योगायोग वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण माझाही मुलूख तसाच. मी माणदेशातला.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, म्हणजे खडी फोडायला जाण्याची पाळी आमच्यावर आली नाही. पण पगार एक आणि खाणारी तोंडं नऊ. विहिरीत तळाचा खडक दिसत होता. रेशनवर मिलो नावाची अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी तांबूस, कडक, आणि चवीला जशी होती तशी होती. त्या वर्षी चवीबद्दल कुणी बोलत नसे. माझ्या शेजारी बसणारी पोरं आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायची आणि परतताना सुकडी आणायची. ती सुकडी मला मिळत नाही म्हणून मी त्यांचा हेवा करीत असे. पोटानं किती विद्रूप गोष्टी शिकवाव्यात पाहा!

त्या साली आईचे उपास वाढले. सोमवार होताच, मग शनिवार आला, मग गुरुवार, मग कसली कसली एकादशी. आम्हां भावंडांना वाटे, पाऊस पडावा म्हणून आई देवाला साकडं घालते आहे. आम्हांला वाढून झालं की ती भाकरीचं टोपलं फडक्यानं झाकून ठेवी आणि ‘आज मला उपास हाय’ म्हणून तांब्याभर पाणी पिऊन उठे. पाऊस पुढच्या वर्षी पडला. आईचे उपास एकेक करून सुटले. सोमवार तेवढा राहिला.

अशा आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला भरलेलं ताट म्हणजे काय वाटत असेल, हे मी निराळं सांगायला नको. पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो, बऱ्यापैकी पगार मिळू लागला आणि मी जेवू लागलो. नुसता जेवू लागलो नाही, जेवणारा म्हणून नाव काढलं. आमच्या भावकीतल्या लग्नांत जिलब्यांची परात माझ्यापाशी येऊन थांबे. वाढप्यांना चेव येई, म्हातारे कौतुकानं मान हलवीत, बायका पदराआडून मोजत. लठ्ठ माणसाला हसतात असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. पंगतीत त्याला मान असतो. ज्या देशात आग्रह हा पाहुणचाराचा प्राण आहे तिथे ‘नको’ न म्हणणारा पाहुणा म्हणजे यजमानाचा परमेश्वर. आई गावाहून आली की माझं ताट पाहत समोर बसे. मी तिसरी भाकरी मागितली की तिच्या चेहऱ्यावर जे उमटे, ते मी तिच्या मुलांच्या बारशाला किंवा नातवाच्या लग्नालाही पाहिलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझं वजन एकशे चोवीस किलो भरलं. साखर होतीच, रक्तदाब होता, आणि रात्री झोपेत श्वास अडून मी दचकून उठत असे. मी उठलो नाही तर या धास्तीनं सौ. जागी राही. पट्टाच पसंत केला, कारण त्यात आतलं काही कापायचं नव्हतं, आतडी जोडायची नव्हती, आणि नको झाला तर काढता येत होता. २००९ च्या श्रावणात शस्त्रक्रिया झाली. खर्च पावणेतीन लाख. आईला आधी सांगितलं नव्हतं. नंतर सांगितलं, सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोटाला चिमटा काढाय डाक्टर कशाला लागतोय रं? आन् एवढं पैसं?”

ती टोमणा मारीत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. एक गोष्ट जी तिनं वर्षभर, बिनबोभाट, फुकटात केली होती तिला पावणेतीन लाख का पडावेत, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही.

पहिले काही आठवडे नुसते पातळ पदार्थ. आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ताकाची निवळ, डाळीचं पाणी, आणि मग थोडं दाट घ्यायची परवानगी मिळाल्यावर हुलग्याचं माडगं. हे माडगं माणदेशाबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. हुलग्याचं पीठ शिजवून गूळ घालून केलेली ती पेज. गरिबाची खीर म्हणा. दुष्काळात आम्ही ते वाटी चाटून प्यायलो होतो. आता मी अर्धी वाटी पिऊन ठेवून दिली. आईनं वाटी उचलली, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “खरंच पोट भरलं.” हे वाक्य तिनं आयुष्यात दुसऱ्यांना हजारदा ऐकवलं होतं. त्यामुळे त्यावर तिचा विश्वास बसणं कठीण होतं.

पट्ट्यासह राहायचं म्हणजे एका लहरी पहारेकऱ्याशी जमवून घ्यायचं. घास करंगळीच्या नखाएवढा, तो पीठ होईपर्यंत चावायचा, गिळल्यावर मिनिटभर थांबायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर पाऊण तास नाही. वीस मिनिटं झाली की ताट बाजूला. पहारेकरी सकाळी करडा असतो, संध्याकाळी निवळतो. घरात काही चिंता असली की दिवसभर मूठ आवळून बसतो. पोळीला तो दारातच अडवतो, मऊ भाताचा गोळा करून कोंडून ठेवतो, पावाचं तर नाव नको. उलट चकली, शेव, चुरमुरे चावून चावून गेले तर त्याची हरकत नाही. आणि बासुंदी, श्रीखंड, आइस्क्रीम आलं की हा गृहस्थ बाजूला होऊन चक्क सलाम ठोकतो! ज्यांच्यासाठी त्याला नेमला त्यांनाच तो ओळखत नाही. पट्टा बांधून वजन न उतरलेली जी माणसं मला भेटली, त्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी याच वाटेनं गेली होती. माझं वजन अडीच वर्षांत एकोणनव्वदवर आलं आणि पुढे चौऱ्याण्णववर स्थिरावलं. साखरेच्या गोळ्या निम्म्यावर आल्या, सौ. झोपू लागली.

अडकणं म्हणजे काय, ते मात्र एकदा सांगितलं पाहिजे. भाचीच्या लग्नात मामांनी पुरणपोळीचा घास स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. नव्वदीचे मामा, ‘थांबा’ म्हणायला सवड नव्हती, आणि असती तरी म्हणवलं नसतं. दुसऱ्या मिनिटाला छातीच्या मधोमध कुणी अंगठा रोवून उभं राहावं तशी कळ आली. तोंडात लाळ भरू लागली. ती गिळता येत नाही, कारण खालचा रस्ता बंद. मी हसत हसत उठलो, मांडवामागे गेलो आणि पाण्याच्या टाकीशी वाकून उभा राहिलो. दहा मिनिटांनी घास वर आला, जसाच्या तसा. परत येऊन बसलो तेव्हा माझ्या पानात आणखी एक पोळी वाढून ठेवलेली होती. मामा म्हणाले, “पोरगा अर्ध्यावर गेला बघा. पैलं काय जेवायचा!” पंगतीतली माझी जागा त्या दिवशी गेली. आता लग्नांत मला वाढायच्या कामावर घेतात. आग्रह मी उत्तम करतो, पण कुणी हात आडवा धरला की तिथेच थांबतो. त्यामुळे वाढपी म्हणून माझी फारशी ख्याती नाही.

ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घेतली तर पट्टा ती जाऊ देतो. दात नसलेली माणसं खातात तसा काला. २०१६ साली आई कायमची आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिलाही दात नव्हते, आणि अन्नही जात नव्हतं. ऐंशीच्या वयाला भूक मंदावते. डॉक्टरांच्या मते त्यात विशेष काही नव्हतं. पण भेटायला येणारा प्रत्येकजण तिच्या तोंडाशी चमचा नेई. “आजी, एवढा एक घास. माझ्यासाठी.” ती तोंड मिटून घेई. तोंड मिटून बसण्यात किती जोर लागतो, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मग आम्ही दोघं एकत्र जेवू लागलो. सारख्या दोन वाट्या, दोन लहान चमचे, दुधातली भाकरी, वर चिमूटभर मीठ. ती चार चमचे खाई, मी आठ-नऊ. कुणी कुणाला आग्रह करीत नसे. चमचा खाली ठेवला की जेवण संपलं. वीस मिनिटांत फार तर तीन-चार वाक्यं होत. एकदा मी तिला विचारलं, “त्या साली तुझे ते सगळे उपास खरे होते का गं?”

तिनं चमचा वाटीत फिरवला. म्हणाली, “उपासात खरं-खोटं काय असतंय? खाल्लं न्हाई म्हंजी उपासच की.”

मग थोड्या वेळानं, “तुला भूक लागत न्हाई का रं आता?”

“लागते,” मी म्हटलं, “पण लवकर भागते.”

“मला लागायची,” ती म्हणाली, आणि वाटी पुढे सरकवली.

२०१७ च्या पौषात ती गेली. तेराव्याला मोठी पंगत झाली. मी वाढलं.

आता या पट्ट्याचा जमाना सरला आहे. हल्ली जठराचाच मोठा भाग कापून काढतात. आणि २०२५ पासून तर भूक मारणारी, आठवड्याला एक टोचायची नवी इंजेक्शनं आपल्याकडे विकायला आली आहेत. नवा पट्टा बसवून घेणारा माणूस क्वचितच सापडतो. जुने मात्र पुष्कळ निघत आहेत. रात्री आंबट वर येऊ लागलं म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी दाखवायला गेलो. पांढरं बेरियम पाजून फोटो काढला, तेव्हा पट्ट्याच्या वर अन्ननलिका थोडी फुगलेली दिसली. डॉक्टरांनी सुई टोचून साडेपाचच्या साडेपाच घनसेंटिमीटर पाणी काढून घेतलं. महिनाभर चिमटा नव्हता. मी सबंध भाकरी खाल्ली, मध्ये पाणी प्यायलो. तिसऱ्या आठवड्यात दुपारी चार वाजता स्वयंपाकघरात उभा राहून डबे उघडताना सौ. नं मला पाहिलं. काही बोलली नाही. वजन पाच किलोंनी वाढलं होतं. फोटो पुन्हा काढला; नलिका बरीच पूर्ववत झाली होती. मग तीन घनसेंटिमीटर पाणी परत भरलं.

डॉक्टर म्हणतात, हा तात्पुरता उपाय. आज ना उद्या कडं काढावं लागेल, आणि धडधाकट आहात तोवर काढलेलं बरं. मुलगाही तेच म्हणतो. त्यानं इंजेक्शनांच्या किमतीही काढून ठेवल्या आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी तारीख द्यायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त सांगतो, आणि ते निमित्त वैद्यकीय नसतं हे डॉक्टरांच्याही ध्यानात आलं असावं. तूर्त दिवाळी होऊ द्या, असं ठरलं आहे. सौ. काल भाजणी दळून घेऊन आली. चकली मला चालते. अनारसा अडकतो.